वाचकांचे प्रश्न : मिसिसिपीकाठचे घर आणि त्याच्या मागचे आवार

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेत गेलो असता त्याने आम्हाला लुइझियाना राज्यातील व्हॅशरी गावाजवळची ‘ओक अ‍ॅली’ ही जुनी प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारी मोठी शेती-वसाहत, दाखवली. दुतर्फा ओकची झाडे आणि टोकाला खांबांचे पांढरे घर पाहून आम्ही थक्क झालो. मागे गेल्यावर मात्र गुलामांच्या झोपड्या दिसल्या आणि काय बोलावे ते सुचेना. आपले वाडे पाहिलेल्या माणसाने असे आवार कसे समजून घ्यावे? इतके खांब कशासाठी?
— एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : खांबांपासून सुरुवात करू. हे घर 1837 ते 1839 या काळात जाक तेलेस्फोर रोमाँ या ऊसमळ्याच्या मालकासाठी बांधले गेले. त्याच्या चारही बाजूंनी डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीचे 28 खांब आहेत आणि समोरच्या दोन रांगांतील ओकही 28च आहेत. झाडे घराच्या बरीच आधीची, अठराव्या शतकातील मानली जातात; म्हणजे सुमारे 240 मीटर लांबीची ती सावलीची वाट आधी होती आणि घर तिच्या टोकाला मागाहून आले. खांब संगमरवरी भासले तरी ते विटांचे असून त्यांवर गिलावा आहे. सोलापुरात पाया खणू लागलो की काळा पाषाण लागतो. मिसिसिपीच्या गाळात दगड मिळत नाही आणि थोडे खणले की पाणी लागते. त्यामुळे विटा तिथल्याच मातीच्या पाडल्या आणि भाजल्या गेल्या, आणि ते काम गुलामांनी केले.

शोभेइतकाच खांबांना उपयोगही होता. आपला चौसोपी वाडा रस्त्याकडे पाठ फिरवून आतल्या चौकाकडे तोंड करतो, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे आणि जाड भिंतींमागे गारवा टिकतो. लुइझियानाचा उन्हाळा दमट असल्याने तिथे गारवा साठवून भागत नाही, वारा खेळता ठेवावा लागतो. म्हणून घराभोवती खालच्या व वरच्या मजल्यावर रुंद सोपे काढलेले आहेत, त्यांचे छत या खांबांनी पेलले आहे आणि मधला दिवाणखाना पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार ठेवलेला आहे. वाडा आत पाहतो आणि हे घर बाहेर पाहते, एवढा भेद लक्षात ठेवला तरी बाकीची रचना उलगडत जाते.

आता आवाराकडे वळू. माझ्या मते खरी वास्तू तीच आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून या नदीकाठची जमीन काठाला काटकोनात जाणाऱ्या अरुंद, लांबलचक पट्ट्यांत वाटली गेली, जेणेकरून प्रत्येक मालकाला बोटी लागण्यापुरता काठ मिळावा. परिणामी पुढे बांध व नदी, मग घर, त्यामागे कामाचे आवार, त्यामागे ऊस आणि शेवटी दलदल, असा क्रम लागतो. अशा आवारांत स्वयंपाकघर घरापासून वेगळे असे, कारण आग आणि उष्णता दोन्ही दूर ठेवायची असत. शिवाय पावसाच्या पाण्याच्या टाक्या, लोहारशाळा, मुकादमाचे घर, वेळ सांगणारी घंटा, साखरघर आणि गुलामांच्या झोपड्यांच्या रांगा असत. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या आजोबांचा दिवस चालला, त्यांना घंटेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण ती तुलना तिथेच थांबवावी, कारण गिरणी कामगाराला पगार होता आणि नोकरी सोडण्याची मुभा होती.

आपण पाहिलेल्या झोपड्या मूळच्या नाहीत. त्या अलीकडे नव्याने उभारल्या आहेत. विटांचे घर टिकले आणि लाकडी झोपड्या नाहीशा झाल्या, म्हणून अशा बहुतेक ठिकाणी फक्त मालकाची बाजू उभी दिसते. पुन्हा जाणे झाल्यास याच नदीकाठी एडगार्डजवळची ‘एव्हरग्रीन’ प्लँटेशन, लोकांसाठी खुली असल्याची आधी चौकशी करून, पाहावी. तिथे 22 झोपड्या मूळ जागी, ओकच्या दुहेरी रांगेखाली उभ्या आहेत. जवळच वॉलेस येथील ‘व्हिटनी’ हे 2014 मध्ये खुले झालेले संग्रहालय तर गुलामांच्याच बाजूने सारे सांगते.

आणि झाडांविषयी एक राहिलेच. याच ओक अ‍ॅलीवर आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने 1846-47च्या हिवाळ्यात पिकान या अक्रोडाच्या जातकुळीतील झाडावर यशस्वी कलम केले. पातळ कवचाच्या त्या वाणाला 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात नाव मिळाले आणि पिकानच्या व्यापारी बागांचा पाया त्यातून घातला गेला. ओकच्या छायाचित्रांपेक्षा मला ही गोष्ट अधिक पाहण्याजोगी वाटते, जरी पाहण्यासाठी त्याची ती झाडे आता तिथे उरलेली नाहीत.

प्रश्न : मी साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला, म्हणजे रस आटवून साखर करण्याच्या विभागात, तीस वर्षे होतो. त्या काळी प्लँटेशनवर साखर कशी करीत?
— एक वाचक, माळशिरस तालुका

उत्तर : आपल्या गुऱ्हाळासारखीच, पण एका काहिलीऐवजी चढत्या-उतरत्या आकाराच्या काहिलींची ओळ एकाच लांब चुलाणावर बसवून. उकळता रस माणसे मोठ्या पळ्यांनी एका काहिलीतून पुढच्या, लहान काहिलीत ओतीत, आणि शेवटच्या काहिलीत रवा धरण्याची वेळ साधणारा माणूस आपल्या गुळव्याइतकाच मोलाचा असे. थंडीच्या कडाक्याने ऊस खराब होण्याआधी गाळप उरकावे लागे, म्हणून हंगामात साखरघर रात्रंदिवस चाले. भाजणे आणि हात चरकात सापडणे हे त्या कामाचे नेहमीचे अपघात होते.

हा ओतण्याचा प्रकार मोडीत काढणारा माणूस लुइझियानाचाच होता. नॉर्बर्ट रिलियू हा 1806 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मला. आई कृष्णवर्णीय वंशाची, वडील गोरे, स्वतः तो स्वतंत्र नागरिक, शिक्षण पॅरिसमध्ये. एका भांड्याची वाफ कमी दाबाच्या पुढच्या भांड्याला उष्णता देईल अशी रचना त्याने केली आणि 1843 व 1846 मध्ये तिची पेटंटे घेतली. आपल्या कारखान्यातील इव्हॅपोरेटरची, म्हणजे रस आटवणाऱ्या भांड्यांची, ओळ, जिला आपण चार भांड्यांची असल्यास ‘क्वाड’ म्हणत असाल, ती याच तत्त्वावर चालते.

प्रश्न : ‘प्लँटेशन’ला मराठीत जहागीर म्हणावे की मळा?
— एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : दोन्ही नको. जहागीर म्हणजे महसुलाचा हक्क. मळ्यात राबणारा माणूस मळ्याच्या मालमत्तेत मोजला जात नाही. रोमाँ 1848 मध्ये वारल्यावर त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात वर उल्लेख केलेला आंत्वान ‘माळी, पिकानची कलमे करण्यात निष्णात’ अशा वर्णनासह 1,000 डॉलर किमतीला नोंदलेला आहे. तेव्हा शब्द ‘प्लँटेशन’ असाच ठेवावा.