नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर टॅली: ऑल्ट सोडा, कॅप्स लॉक धरा

तुम्ही १४ इंची लॅपटॉप घेतलात, त्याला नमपॅड (उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गट) नाही, म्हणून पॉवरटॉइज या बटणांची कामं बदलून देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये ऑल्टसोबत यू-आय-ओ, जे-के-एल ही बटणं आकड्यांना जोडलीत. आता टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधले मेनू उघडत नाहीत. ते होणारच होतं. ऑल्ट-के हा कंपनीचा मेनू, ऑल्ट-ओ इम्पोर्टचा, ऑल्ट-एम शेअरचा. टॅलीत ऑल्टला हातच लावायचा नाही.

त्याऐवजी कॅप्स लॉक घ्या. पॉवरटॉइजमध्ये शॉर्टकटची सुरुवात कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट किंवा विंडोजनेच करावी लागते, म्हणून इथे ऑटोहॉटकी लागेल; त्यात बटणांची कामं एका छोट्या फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, लिहायची असतात. प्रत्येक आकड्याला एक ओळ: आधी कॅप्सलॉक, मग अँडचं चिन्ह (&), मग अक्षर, दोनदा कोलन, आणि पुढे सेंड व अवतरणात आकडा. कॅप्स लॉक कायम बंद ठेवणारी ओळ सगळ्यात वर टाका. जीएसटी नंबरमधली मोठी अक्षरं मग शिफ्ट धरून टाइप करायची.

आता खरा मुद्दा, मांडणीचा. जुन्या लॅपटॉपवर अक्षरांच्या कडेला बारीक आकडे छापलेले असायचे: यू-आय-ओ म्हणजे ४-५-६ आणि जे-के-एल म्हणजे १-२-३. तुम्ही तीच उचललीत. पण नमपॅडवर बसलेला हात ४-५-६ वर विसावतो, आणि लॅपटॉपवर तोच हात जे-के-एल वर. म्हणून सगळं एक रांग खाली सरकवा. जे-के-एल ला ४-५-६ द्या, यू-आय-ओ ला ७-८-९, एम, स्वल्पविराम आणि पूर्णविरामाला १-२-३. शेजारच्या तिरक्या रेघेच्या बटणावर दशांश चिन्ह, आणि स्पेसबारवर शून्य, कारण शून्याला अंगठाच जातो. जे वरचा उंचवटा तर्जनीला लागला की न बघता ४ सापडतो. खालची रांग जरा उजवीकडे सरकलेली असते, त्यामुळे सुरुवातीला १ च्या जागी एन दाबला जाईल. मला सवय व्हायला आठवडा लागला. तोवर प्रत्येक व्हाउचरची, म्हणजे टॅलीतल्या नोंदीची, रक्कम सेव्ह करण्याआधी बघून घ्या.

टॅली ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडत असाल तर स्क्रिप्टही तशीच उघडा, नाहीतर टॅलीत ती चालणार नाही. चालू लागली की तिचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा.

दिवसभर बिलंच चढवायची असतील तर मात्र सरळ यूएसबी नमपॅड घ्या. डाव्या करंगळीने तासन्‌तास कॅप्स लॉक धरून मनगट दुखतं, माझं दुखलं आहे.