इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये भात गिच्च होतो. मोकळा होण्यासाठी पाणी आणि वेळ किती ठेवावी?

बासमती असेल तर धुऊन निथळलेल्या तांदळाला वाटीस वाटी पाणी घाला, हाय प्रेशरवर 5 मिनिटं ठेवा आणि शिजून झाल्यावर 10 मिनिटं वाफ काढू नका. पातेल्यात दुप्पट पाणी लागतं, कारण त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडून जातं. गॅसवरच्या कुकरमध्येही दर शिट्टीला थोडी वाफ बाहेर पडतेच. इलेक्ट्रिक कुकर शिट्ट्या देत नाही, वाफ आतच कोंडते. त्यामुळे जुन्या मापाने घातलेलं जास्तीचं पाणी जातं ते थेट शितात. तांदूळ 3-4 पाण्यांनी, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धुवा, म्हणजे वरची पिठी निघून जाते. थोडा चिकटपणा तिच्यामुळेही येतो. चमचाभर तूप घातलं तर उत्तम, पण ते धुण्याला पर्याय नाही. झाकण उघडल्यावर काट्याने कडेकडेने हलक्या हाताने मोकळा करा आणि ‘कीप वॉर्म’ बंद ठेवा, नाहीतर तळाची शितं वाळून कडक होतात.

6 लिटरच्या भांड्यात एकच वाटी तांदूळ लावायचा असेल तर पाणी कमी पडून तळ करपू शकतो. तेव्हा खाली स्टँड आणि पाणी ठेवून भात आत वेगळ्या डब्यात लावा, वेळ थोडी वाढवा. आणि तांदूळ इंद्रायणी असेल तर हे सगळं करूनही तो मऊ, चिकटच होणार. तो त्याचा स्वभाव आहे. मोकळ्या भातासाठी जुना बासमती किंवा जुना कोलम घ्या. कोलमला पाणी मात्र वाटीमागे पाव वाटी जास्त लागतं.