शाळा म्हणते ऑनलाइनच ठेवा, सही करू का?

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे, ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्डवर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अपंगत्व 50 टक्के. शाळा सिंहगड रोडवरची, खासगी विनाअनुदानित. कोरोनामुळे बंद असलेल्या पुण्यातल्या शाळा 1 फेब्रुवारी 2022 पासून परत उघडल्या, त्याच्या वर्गातली मुलं जातायत. आम्हाला मात्र प्रिन्सिपल म्हणतात तो मास्क ठेवत नाही, शॅडो टीचर (वर्गात त्याच्यासोबत बसणारी मदतनीस) बाहेरची व्यक्ती म्हणून आत घेता येणार नाही, रिसोर्स रूम (विशेष शिक्षक वेगळं शिकवतात ती खोली) बंद आहे, तेव्हा ऑनलाइनच राहू दे. वर एका फॉर्मवर सही मागतायत. नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणते सरळ केस करा. काय करू? – एक आई, धायरी

ताई, आधी तो फॉर्म. तुम्ही पाठवलेला त्याचा फोटो नीट वाचला. वरचा अर्धा भाग सगळ्या पालकांना दिलेलाच आहे, मुलाला शाळेत पाठवायला आमची संमती आहे वगैरे, त्यात काही नाही. घोळ खालच्या परिच्छेदात आहे, तुमच्यासाठी वेगळा टाइप करून चिकटवलाय: 'पाल्याच्या विशेष गरजांमुळे आम्ही स्वेच्छेने ऑनलाइन पर्याय निवडत असून याबाबत शाळेकडे कोणतीही मागणी करणार नाही.' ह्याच्यावर सही करायची नाही. उद्या तुम्ही कुठेही तक्रार घेऊन गेलात की शाळा हाच कागद पुढे सरकवणार आणि म्हणणार, आईनेच लिहून दिलंय की. तो परिच्छेद रेघ मारून खोडा, बाजूला सही आणि तारीख टाका, वरची संमती तेवढी द्या आणि देण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आता घरून शिकण्याचं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात 2012 ला दुरुस्ती झाली, त्यात बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकायचा पर्याय दिलाय, पण तो निवडायचा हक्क मुलाचा आहे, शाळेला मूल घरी बसवायची परवानगी नाही दिलेली. आणि नाव काढून टाकतील ही भीती असेल तर त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. (शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर मात्र 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे आरटीई लागू होत नाही, ते एकदा बघून सांगा.)

'आम्ही प्रायव्हेट आहोत' हे उत्तर मिळेलच, ठरलेलं असतं ते. दिव्यांग हक्क कायदा 2016, ह्याचंही कलम 16 च. त्यात नुसत्या अनुदानित नाही, सरकारमान्य शाळाही येतात. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय, त्याच्यापुरता आधार, त्याच्या प्रगतीवर लक्ष, हे सगळं तिथे लिहिलंय आणि वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव अशी व्याख्याच केलीये. पण खरं सांगते, ह्या कलमाची भाषा सरकारने 'प्रयत्न करावा' अशी मऊ आहे आणि शाळेवर अवाजवी बोजा पडत असेल तर तिला पळवाटही आहे. म्हणून मागायचं ते छोटं, नेमकं आणि जवळजवळ बिनखर्चाचं मागायचं, म्हणजे बोजा म्हणायला जागाच उरत नाही.

मास्कचं घ्या. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने ऑगस्ट 2020 मध्येच म्हटलंय की विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांवर मास्कची सक्ती नको, मूल बघून ठरवा. तुमच्या डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडून (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) दोन ओळींचं पत्र घ्या, मास्क सहन होत नाही, फेस शील्ड चालेल, खिडकीजवळचा बाक द्यावा. शॅडो टीचरचं तर मला हसूच आलं. शाळेत सिक्युरिटीवाले येतात, सफाईच्या मावशी येतात, बसचे काका येतात, त्यांना जे नियम तेच हिला लावा ना, कोरोना लशीच्या दोन्ही डोसचं सर्टिफिकेट जोडा, रोज टेम्परेचर बघा, विषय संपला.

रिसोर्स रूम बंद असली तर विशेष शिक्षकाने आठवड्यातून किती वेळ, कुठे आणि काय घ्यायचं ते लेखी मागा. विशेष शिक्षक असलेच पाहिजेत असं सुप्रीम कोर्टाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलंय, शाळेला द्यायच्या अर्जात तो उल्लेख करा.

नणंदबाई म्हणतायत ते तिकडे बरोबर आहे. तिथे आयईपी, म्हणजे त्या एका मुलासाठी बनवलेला शिक्षणाचा आराखडा, कायद्याने बांधलेला असतो आणि बंद काळात बुडालेली थेरपी भरून मागता येते. आपल्याकडे बऱ्याच शाळा आयईपी बनवतात पण तसा कायदा नाही, त्यामुळे दोन वर्षांची थेरपी भरून द्या म्हणून केस टाकली तर हाती फार काही लागणार नाही. पुढची सोय मागा.

अर्ज दोन प्रतींत, एकीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्याच, घेत नसतील तर स्पीड पोस्टाने. सात दिवसांत लेखी उत्तर मागा. नाही आलं तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि त्याच वेळी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, आपलं नशीब की राज्याचं ते ऑफिस पुण्यातच चर्च रोडला आहे. वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. आयुक्तांना साक्षीला बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. मात्र ते शेवटी शिफारस करतात आणि त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. एवढं झाल्याशिवाय हायकोर्टाचं नाव काढू नका, जाऊन-येऊन मुंबई आणि वर्ष इथेच संपेल.

बंद रिसोर्स रूमची फी घेतली असेल तर पावत्या काढून ठेवा. मुलांनी न वापरलेल्या सुविधांचे पैसे घेणं ही नफेखोरी आहे असं सुप्रीम कोर्टाने मे 2021 मध्ये राजस्थानच्या शाळांच्या केसमध्ये म्हटलंय. पण तो अर्ज वेगळा, दोन्ही एकत्र केलेत तर शाळा फीवरच वाद घालत बसेल आणि मुलगा घरीच राहील. आणि हो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ह्यातलं काहीही टाकू नका.