जीपीएसच्या काळात जुनी दीपगृहे वाचवण्यावर पैसा का घालायचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जहाजांवर जीपीएस असताना जुन्या दीपगृहांवर कोट्यवधी का खर्च करायचे, आणि समुद्रच किनारा खात पुढे येत असेल तर ती वाचणार तरी कशी? मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर मला त्यातूनच सापडले.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आजोळ अलिबागजवळचे थळ. रात्री किनाऱ्यावर गेले की समोर खांदेरीची बत्ती दिसायची. गेली बरीच वर्षे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी गावात राहते. तिथून साडेतीन-चार तास गाडी चालवली की आउटर बँक्स नावाची वाळूच्या अरुंद बेटांची माळ लागते. त्या माळेच्या कोपऱ्यावर केप हॅटरसचे दीपगृह आहे. काळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा, जवळजवळ दोनशे फूट उंच विटांचा मनोरा. अमेरिकेतले विटांचे सर्वांत उंच दीपगृह हेच. मुलांना घेऊन पहिल्यांदा २५७ पायऱ्या चढले तेव्हा मला त्याचा इतिहास फारसा माहीत नव्हता. वर गेल्यावर एकच प्रश्न पडला: समुद्रावरच्या जहाजांसाठी बांधलेला मनोरा समुद्रापासून एवढा लांब का?

तर तो मुळात तिथे नव्हताच. १९९९ साली तो उचलून तिथे आणला आहे.

या टोकासमोर डायमंड शोल्स हे वाळूचे उथळ दांडे दूरवर समुद्रात गेलेले आहेत. उत्तरेकडून येणारे थंड पाणी आणि दक्षिणेकडून येणारा उबदार गल्फ स्ट्रीम इथेच भेटतात. एवढी जहाजे इथे बुडाली की या पट्ट्याला ‘अटलांटिकची दफनभूमी’ म्हणतात. लोखंडी चिलखताची प्रसिद्ध युद्धनौका ‘मॉनिटर’ १८६२ च्या डिसेंबरअखेर इथेच तळाला गेली. पहिले दीपगृह १८०३ चे, पण ते बुटके आणि त्याचा उजेडही अपुरा. म्हणून नवे बांधले आणि १६ डिसेंबर १८७० रोजी पेटवले. तेव्हा समुद्र त्याच्यापासून १,५०० फूट लांब होता.

आता यातली खरी अडचण. ही बेटे एका जागी बसून राहत नाहीत. प्रत्येक मोठे वादळ समुद्राकडची वाळू उचलून मागच्या खाडीकडे फेकते आणि बेट हळूहळू पश्चिमेला सरकते. बेटाच्या दृष्टीने यात काहीच बिघडलेले नाही. बिघडते ते त्यावर विटांचा मनोरा बांधणाऱ्यांचे. १९३५ पर्यंत लाटा पायथ्याला भिडल्या, तेव्हा मनोरा सोडून दिला आणि मागच्या रानात लोखंडी सांगाड्यावर दिवा लावला. त्या रिकाम्या वर्षांत, दिव्याचा उजेड लांब फेकणाऱ्या फ्रेनेल लेन्सचे कित्येक लोलक लोकांनी काढून नेले. समुद्राने मनोऱ्याचे जे केले नव्हते ते माणसांनी केले. पुढे वाळूचे बांध घालून थोडी जमीन परत मिळाली आणि १९५० मध्ये दिवा जुन्या मनोऱ्यावर परतला, पण १९८० च्या मार्चमधल्या वादळाने १८०३ च्या दीपगृहाचे शेजारी उरलेले जोते धुऊन नेले. धोका किती जवळ आहे ते त्या दिवशी सर्वांना दिसले.

मग सुरू झाला वाद, आणि तो जवळजवळ वीस वर्षे चालला. वाळूच्या गोण्या टाकल्या, समुद्रतळावर कृत्रिम गवत लावून पाहिले. भोवती भक्कम भिंत बांधण्याची योजनाही पुढे आली. पण भिंत मनोरा राखते, किनारा राखत नाही. दोन्ही बाजूंनी बेट मागे सरकत राहिले असते आणि काही दशकांनी दीपगृह समुद्रात एकट्या कोटासारखे उभे राहिले असते. १९८८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सांगितले की मनोरा हलवा. स्थानिकांचा तीव्र विरोध होता. काहींना वाटे, हलवताना तो कोसळेल. काही म्हणत, दीपगृहाचा अर्थ त्याच्या जागेत आहे, जागा गेली की उरतात फक्त विटा. हा दुसरा मुद्दा मला आजही खोडून काढता येत नाही. तरी माझे मत हलवण्याच्याच बाजूचे आहे, कारण ती जागा तशीही जाणारच होती.

पाया तपासला तेव्हा जे कळले ते मला सगळ्या कथेत सर्वांत सुंदर वाटते. १८७० च्या बांधकाम करणाऱ्यांना घट्ट वाळूत खांब ठोकता येईनात, म्हणून त्यांनी खड्ड्यात, भूजलाच्या पातळीखाली, पाइन लाकडाच्या तुळयांचे आडवे-उभे दोन थर अंथरले आणि त्यावर दगडी जोते चढवले. गोड्या पाण्यात कायम बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही आणि ते कुजत नाही. सव्वाशे वर्षे सुमारे साडेबारा लाख विटांचा भार त्या लाकडांनी पेलला. पाया उघडायचा म्हणजे ते पाणी उपसणे आले, आणि उपसले की लाकडे उघडी पडणार. म्हणून एकदा हात घातला की काम तडीस नेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मनोऱ्याखालचे दगडी जोते थोडेथोडे कापून काढत त्या जागी तात्पुरते पोलादी टेकू बसवले. मग मोठ्या पोलादी तुळया सरकवल्या आणि शंभर हायड्रॉलिक जॅकवर सुमारे ४,४०० टनांचा मनोरा सहा फूट उचलला. हे शंभर जॅक तीन गटांत जोडलेले होते. चार पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर डगमगते, तीन पायांची तिवई डगमगत नाही, तत्त्व तेच. वाटेत एखाद्या ठिकाणी जमीन दबली तरी भार आपोआप वाटला जाई आणि मनोऱ्याला पीळ बसत नसे. १७ जून १९९९ रोजी तो हलू लागला. पाच-पाच फुटांचे ढकलणे, मग थांबणे, मोजमापे पाहणे, मागची पोलादी वाट उचलून पुढे अंथरणे. २३ दिवसांत २,९०० फूट, म्हणजे पाऊण किलोमीटरपेक्षा थोडे अधिक. ९ जुलैला तो नव्या पायावर पोहोचला आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा पेटला. त्याआधी समुद्र अवघा १२० फुटांवर आला होता. हलवल्यावर अंतर पुन्हा १,५०० फुटांच्या आसपास झाले.

आणखी एक गोष्ट इथे येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. रखवालदारांची घरेही मनोऱ्याबरोबर हलवली आणि नव्या जागी एकमेकांपासून त्याच अंतरावर, त्याच दिशांना ठेवली. नुसता मनोरा उचलून आणला असता तर ते एक स्मारक झाले असते. आता ती वसाहत वाटते. घराच्या व्हरांड्यात उभे राहिले की रखवालदाराला वर दिवा कुठे दिसत असेल ते नेमके कळते.

पण हलवणे हा झाला दिसणारा भाग. त्याला खर्च आला सुमारे १.२ कोटी डॉलर, आणि २०२४ मध्ये त्याच मनोऱ्याच्या दुरुस्तीचे जे काम काढले त्याचा आकडा १.९२ कोटी डॉलर आहे. चलनवाढ धरली पाहिजे हे खरे, तरी या दोन आकड्यांवर थोडे थांबा. सुमारे ४० हजार विटा बदलणे, गंजलेले लोखंडी भाग नव्याने ओतून घेणे, खिडक्या पूर्ववत करणे, चोरीला गेलेल्या लेन्ससारखी हुबेहूब लेन्स बसवणे. यातले काहीच बातम्यांत झळकत नाही. खाऱ्या वाऱ्यात लोखंड फुगते आणि भोवतीची वीट फोडते. विटांमधल्या जुन्या मऊ चुन्याच्या दरजा खरवडून कोणी कडक सिमेंट भरले की ओल आत अडकते आणि विटांचे पापुद्रे सुटतात. माझ्या कामात जुन्या इमारतींचे हे दुखणे मी सारखे पाहते. समुद्र आला तर सगळ्यांना दिसतो, पण ही ओल कोणालाच दिसत नाही.

म्हणून मला हॅटरसइतकेच प्रेम उत्तरेकडच्या करिटक बीचच्या दीपगृहाचे आहे. १८७५ चा, कधीच न रंगवलेला लाल विटांचा मनोरा. त्याच्या रखवालदाराच्या घराची पार पडझड झाली होती. १९८० च्या सुमारास स्थानिक लोकांच्या एका ना-नफा संस्थेने ते हाती घेतले, वर्षानुवर्षे डागडुजी केली आणि २००३ मध्ये मनोराही त्यांच्याकडे आला. हे शक्य झाले ते २००० सालच्या केंद्रीय कायद्यामुळे. सरकारला नको असलेली दीपगृहे देखभालीची हमी देणाऱ्या संस्थेला किंवा गावाला फुकट द्यायची, आणि कोणीच पुढे आले नाही तर लिलाव करायचा, असा तो कायदा आहे. करिटकला मनोरा चढायचे तिकीट आहे आणि तो पैसा देखभालीत जातो. मला हीच व्यवस्था सर्वांत टिकाऊ वाटते.

सगळीच वाचतात असे नाही. साउथ कॅरोलायनातल्या मॉरिस आयलंडचे १८७६ चे दीपगृह मुळात जमिनीवर होते. चार्ल्सटन बंदरासाठी घातलेल्या बंधाऱ्यांनी वाळूची वाट बदलली आणि बेट त्याच्या पायाखालून निघून गेले; आज ते समुद्रात एकटे उभे आहे, पायाभोवती आधार देऊन कसेबसे टिकवलेले. इंग्लंडमध्ये ऑर्फर्डनेसचे १७९२ चे दीपगृह २०१३ मध्ये बंद केले आणि २०२० मध्ये, समुद्र अगदी पायाशी आल्यावर, पाडले. पायाखाली नुसते गोटे सरकत होते. तिथे मनोरा हलवण्याचा हट्ट धरला नाही हे मला योग्य वाटते.

आता जीपीएस. हॅटरसचा दिवा जीपीएसच्या काळातही दर साडेसात सेकंदांनी लकाकत आला आहे, आणि जीपीएसचा संदेश अडवता किंवा फसवता येतो हे अलीकडच्या युद्धांच्या काळात बाल्टिक आणि काळ्या समुद्रातल्या जहाजांनी अनुभवले आहे. पण मी या युक्तिवादाची ढाल करणार नाही. एवढा पैसा घातला तो दिशा दाखवण्यासाठी नाही. हे मनोरे सरकारने अनोळखी लोकांसाठी बांधले. जहाज कोणत्या देशाचे आणि खलाशी कोण हे न विचारता रोज रात्री कोणीतरी तेल घेऊन या पायऱ्या चढत असे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या फार थोड्या इमारतींचा हेतू इतका निर्मळ असतो. माझ्यासाठी त्या खर्चाला एवढे कारण पुरे आहे.

आपल्याकडे खांदेरीचे दीपगृह १८६७ चे आहे, म्हणजे हॅटरसपेक्षाही तीन वर्षांनी जुने, आणि अजून चालू. २०२५ च्या जुलैमध्ये मराठा दुर्गांच्या यादीतून खांदेरी किल्ला जागतिक वारशात गेला. देशभरातली ७५ दीपगृहे पर्यटनासाठी सज्ज केली गेली आहेत, ही गोष्ट मला मनापासून आवडली. मात्र तिकिटाचा पैसा त्याच मनोऱ्याच्या दुरुस्तीला जातो का, आणि दुरुस्ती चुन्यात होते की सिमेंटमध्ये, हे प्रश्न तुमच्यासारख्यांनी स्थानिक पातळीवर जरूर विचारावेत. लहानपणी मी खांदेरीची बत्ती फक्त रात्री आणि लांबून पाहिली. येत्या डिसेंबरात थळला येणार आहे. या वेळी दिवसा होडीने बेटावर जाऊन त्या मनोऱ्याच्या दरजा जवळून पाहायच्या आहेत.