‘व्यायामाला वेळच नाही’ आणि रात्री साडेदहाचं ताट

डोंबिवलीत राहणारे, लोअर परळच्या एका ऑफिसात हिशेब विभागात काम करणारे चाळिशीचे गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सकाळी सव्वासातला घर सोडायचं, नऊ ते आठ ऑफिस, दहाच्या सुमारास परत. उंची 168 सेंटिमीटर, वजन 82 किलो, कंबर 98 सेंटिमीटर. एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) 5.9 टक्के, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. जिमची वर्षाची फी भरून ते एकूण अकरा दिवस गेले होते. सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या आल्या त्यांनी विचारलं, “मॅडम, या वेळापत्रकात व्यायाम बसवायचा कुठे?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नोकरदाराचा असतो, आणि तो बहुतेकदा चुकीच्या टोकापासून सुरू होतो. म्हणून व्यायामाचं बाजूला ठेवून आठवडाभर फक्त नोंद ठेवायला सांगितली: काय खाल्लं, किती वाजता, झोपायला किती वाजले. वहीत दोष स्पष्ट दिसला. दुपारी एकला डबा, मग थेट संध्याकाळी सहाला कडकडून भूक आणि वडापाव. रात्री साडेदहाला पूर्ण ताट: चार पोळ्या, भाजी, वरण-भात. एवढं जेवल्यावर लगेच आडवं होता येत नाही, म्हणून मोबाइल. झोप एकला, जाग सहाला. सकाळी भूक नाही, म्हणून नाश्ता नाही, आणि सुस्ती घालवायला दिवसभरात सहा चहा. चहात दोन-दोन चमचे साखर. सपाट चमचा साधारण 5 ग्रॅमचा धरला तर चहातूनच 60 ग्रॅम साखर झाली. दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावी. या दिनक्रमावर पहाटे पाचचा जिम लादला असता तर आधीच पाच तासांची झोप चारवर आली असती.

म्हणून पहिला बदल दुसऱ्या डब्याचा. संध्याकाळी सात वाजता ऑफिसातच दोन पोळ्या आणि वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ. घरी गेल्यावर फक्त पातळ वरण किंवा ताक, फार तर अर्धी वाटी भात. ‘पण दुसरा डबा करणार कोण?’ हा प्रश्न पत्नीने विचारला आणि तो रास्त होता. तोडगा असा निघाला की शनिवारी मटकी भिजवणं, रविवारी फडक्यात बांधून मोड आणणं हे काम नवऱ्याचं. मोड आलेलं कडधान्य फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. पहिल्याच आठवड्यात एकदा उसळ आंबली, कारण डबा संध्याकाळपर्यंत बॅगेतच राहिला होता. मुंबईच्या हवेत सकाळची उसळ बाहेर ठेवून सातला खायची नाही. ऑफिसात पोचताच डबा फ्रीजमध्ये, खाताना नीट गरम करून. फ्रीज नसेल तर मूठभर भाजके चणे-शेंगदाणे आणि एक केळं.

दुसऱ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात त्यांनी रात्रीचं सगळंच बंद केलं. मग साडेअकराला फरसाणाचा डबा उघडला गेला. उपाशी पोटी निग्रह टिकत नाही, थोडं खाऊनच झोपावं.

साखर दर आठवड्याला प्रत्येक कपात अर्ध्या चमच्याने कमी केली, कप तीनवर आणले, शेवटचा दुपारी चारच्या आत. मशीनच्या चहाची पावडर बऱ्याचदा आधीच गोड असते, तेवढं तपासायचं.

खरी अडचण झोपेची होती. “दिवसभरात माझा म्हणावा असा तो एकच तास आहे,” ते म्हणाले. अशा माणसाला ‘मोबाइल बंद करा’ सांगणं व्यर्थ आहे, तो तास हिसकावला की तो सूड घेतो. म्हणून तास हलवला: परतीच्या लोकलमध्ये कानात गाणी किंवा मालिका, ऑफिसचे मेसेज नाहीत. घरी चार्जर हॉलमध्ये, साडेअकराला दिवा बंद. साडेसहा तासच झोप होते, सातच्या खालीच, पण आधीपेक्षा दीड तास जास्त. शिवाय सकाळी गाडीत बसायला मिळालं तर वीस मिनिटं डुलकी.

व्यायाम यानंतर आला. स्टेशन ते ऑफिस शेअर टॅक्सी सोडून पंधरा मिनिटं झपझप चालणं, जाता-येता. पाच दिवसांची 150 मिनिटं तिथेच झाली. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. बुधवारी आणि रविवारी घरी बारा मिनिटं: खुर्चीवरून उठ-बस 10, ओट्याला हात टेकून दंड 10, टाचा उचलणं 15, असे तीन फेरे. श्वास रोखायचा नाही, त्याने रक्तदाब चढतो. उठताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत.

खुर्चीतून उठायला लावलेला गजर ते तीन दिवसांत दुर्लक्षित करू लागले. त्याऐवजी फोन आला की उभं राहून बोलायचं आणि लिटरची बाटली सोडून अर्ध्या लिटरची ठेवायची, म्हणजे भरायला उठावंच लागतं.

एक गोष्ट मात्र डब्याने सुटत नाही. अकरा तास गुणिले पाच म्हणजे आठवड्याला 55 तास. एवढं किंवा याहून जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलं. म्हणून साहेबांशी काय बोलायचं याची तयारी केली: तक्रार नाही, ठरावीक मागणी, मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला निघणं. शुक्रवार मिळाला. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग, किंवा जिना चढताना छातीत दडपण असेल, तर आधी डॉक्टर, मग हे सगळं.

तीन महिन्यांनी वजन 79, कंबर 94. मार्चअखेरीस पंधरा दिवस दंड-बैठका बुडाल्या, झोपही गेली. दुसरा डबा आणि स्टेशनपर्यंतचं चालणं टिकलं. शुक्रवारी ते वडापाव खातात, तोही साडेसहाला, स्टेशनकडे चालत जाताना.