सड्यावर दिसलेल्या दिव्याविषयी

प्रिय लेकी,

गणपतीला गावी जाताना तू रात्री सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, वाट चुकलीस आणि एक चालता दिवा तुला देवळापर्यंत घेऊन आला. "ते खरं होतं का, बाई?" असं तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होतीस आणि मी उत्तर टाळत होते. त्या प्रश्नाच्या आधी एक काम करायचं आहे, आणि ते एकेका दिवसाने अवघड होत जातं. आज रात्री जेवणं झाली की वही घे आणि त्या रात्री काय झालं ते लिहून काढ. फाट्यावर एसटीतून उतरलीस तेव्हापासून देवळाच्या पायरीवर बसलीस तिथपर्यंत. दिसलं ते, ऐकलं ते, वास आला तो, पायाखाली लागलं ते. कुणी काय सांगितलं ते त्या वहीत नको.

मी एवढी घाई का करते ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या फोनवरून तू मला सांगितलंस, "पुढे एक दिवा चालत होता आणि दिव्याच्या उजेडात नुसते दोन पाय दिसत होते." पिंढऱ्यांपर्यंत चिखल, असंही म्हणालीस. गौरी-गणपती विसर्जनानंतर मुंबईला परत आलीस आणि मला लांबलचक मेसेज पाठवलास. त्यात त्या माणसाच्या खांद्यावर कांबळं आहे, हातात काठी आहे, पायात करकरणाऱ्या वहाणा आहेत. तू खोटं बोलत नाहीस, मला ठाऊक आहे. मधल्या दिवसांत आजीने खळ्यात बसून तुला राखणदाराचं वर्णन सांगितलं. कोकणात देवचार म्हण, राखणदार म्हण, गावाची राखण करणारा तो असाच असतो: कांबळं, काठी, वहाणा. आजीचं चित्र तुझ्या आठवणीत येऊन बसलं आणि तुझं स्वतःचं, चिखलाने माखलेल्या दोन पायांचं चित्र मागे सरलं. स्मरणशक्ती सगळ्यांचीच अशी चालते. पण मला ते दोन पाय हवे आहेत, कारण ते तू पाहिलेस. कांबळं तू ऐकलंस.

आता वाट कशी चुकली ते बघू. चतुर्थीच्या दोन दिवस आधीची रात्र, चंद्राची कोर दिवेलागणीनंतर लगेच मावळलेली, वर भाद्रपदाचे ढग, सड्यावर गुडघाभर गवत. उन्हाळ्यात जांभ्यावर पायवाट पांढुरकी उमटलेली दिसते, पावसाळ्यात ती गवताखाली जाते. फोनची बॅटरी संपत आली होती. तू सरळ चाललीस आणि त्याच करवंदीच्या जाळीपाशी, त्याच पडक्या गडग्यापाशी परत आलीस. पुन्हा निघालीस, पुन्हा तिथेच. आजी म्हणते चकवा लागला. तुझे ऑफिसातले मित्र म्हणतात तू घाबरलीस आणि गोंधळलीस. दोघांनाही ऐकवण्यासारखी एक गोष्ट आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना मोठ्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ एका दिशेने चालत राहा. सूर्य दिसत होता तेव्हा ती सरळ चालली. ढगाळ दिवशी गोल फिरली, आपलीच वाट पुन्हा ओलांडून गेली आणि त्यांना पत्ताही नव्हता. सहाराच्या वाळवंटात रात्री चालणारा एकजण चंद्र होता तोवर सरळ गेला, चंद्र ढगाआड गेल्यावर वळत राहिला. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर कधीकधी वीस मीटरपेक्षाही लहान होती. दूरची एक खूण डोळ्यांपुढे नसेल तर "सरळ" कुठे आहे याचा आपला अंदाज पावलागणिक थोडा थोडा ढळतो, आणि त्या चुका साचत जातात. हे भित्र्याला होतं आणि धीटालाही होतं. तुझ्या आजोबांच्या काळात पेटती चूड घेऊन सडा ओलांडणाऱ्या माणसांनाही तेच होत असणार. चकव्याचा अनुभव खरा आहे, लेकी. तो हजारो लोकांनी घेतला म्हणून त्याला नाव पडलं.

पटत नसेल तर शिवाजी पार्कला ये. सकाळी सहाला मैदान मोकळं असतं. मैत्रिणीला सोबत घे, ओढणीने डोळे बांध आणि समर्थ व्यायाम मंदिराच्या बाजूने समोरच्या टोकाकडे सरळ चालायला लाग. मैत्रिणीने फक्त मागे राहायचं, बोलायचं नाही. कुठे पोचतेस ते स्वतःच बघ. मी शाळेतल्या मुलांकडून हे करून घेतलं आहे, आणि ओढणी सोडल्यावर प्रत्येकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

जुनी माणसं चकवा लागल्यावर काय करायची, हे तुला आजीने सांगितलं असेलच: जिथे आहेस तिथे बस. विडी पेटव, देवाचं नाव घे, कोंबडं आरवेपर्यंत हलू नकोस. या सल्ल्याकडे मी फार आदराने बघते. तुमच्या देवगड तालुक्यातल्या सड्यांवर चिरेखाणी आहेत. चिरे कापून कापून झालेले सरळ उभ्या कडांचे खड्डे, पावसाळ्यात काठोकाठ पाण्याने भरलेले, बहुतेकांना कुंपण नाही. अंधारात ते पाणी आणि ओला कातळ यांत फरक दिसत नाही. शिवाय फुरसं. कातळाच्या फटीतला हा साप रात्री बाहेर पडतो, वीतभर-हातभर लांबीचा, रंगाने जांभ्यातच मिसळलेला, आणि त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. त्या रात्री तू चार तास चालत होतीस. भुताने तुझं काही केलं नाही. चिरेखाणीने केलं असतं, आणि मला त्या विचाराने झोप आली नाही.

पुढच्या वेळी वाट गेली असं वाटलं, नुसतं वाटलं तरी, थांब. टॉर्चने भोवतालची जमीन नीट बघून मोकळ्या कातळावर बस. मग टॉर्च बंद कर. हे कठीण जातं, पण कर. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा एक झोत ती सवय क्षणात घालवतो. तू टॉर्च लावून, विझवून, पुन्हा लावून चालत होतीस, म्हणजे रात्रभर तुझे डोळे आंधळेच होते. मुंबईत जन्मलेल्या आपल्या पोरांना हा अर्धा तास कधी मिळतच नाही. तुझ्या भांडुपच्या खोलीत रात्री दिवा घालवला तरी बाहेरच्या हॅलोजनने भिंतीवर खिडकीची जाळी उमटते. अंधार म्हणजे काय हे तू त्या सड्यावर पहिल्यांदा पाहिलंस. त्यात भीती वाटली यात कमीपणा नाही.

बसलीस की ऐक. भाद्रपदात समुद्राची गाज आतपर्यंत येते आणि समुद्र पश्चिमेलाच असतो; दिशा तिथेच मिळाली. कुत्री कुठे भुंकतात, गणपतीच्या दिवसांत भजनाचा मृदंग कुठून येतो, रस्त्यावरून गाडी कुठून गेली, हे चालताना आपल्याच श्वासापुढे ऐकू येत नाही. फोनमध्ये गावाचा नकाशा आधीच उतरवून ठेव, रेंज नसली तरी जीपीएस चालतं. पॉवर बँक आणि डोक्याला बांधायची बॅटरी, दोन्ही हवीत. रेंजची एक काडी जरी असली तरी 112 लाव, लाजू नकोस. आणि रात्री उतरायचं असेल तर वाडीतल्या कुणाला तरी फाट्यावर बोलवायचं. गणपतीला जाणारी गाडी कधी वेळेवर पोचली आहे का?

आता तो दिवा. अंधारात दूरचा एकच दिवा बघत राहिलं तर स्थिर दिवासुद्धा हलताना दिसतो, तरंगताना दिसतो. हे डोळ्यांचं ठरलेलं वागणं आहे. पण तुझा दिवा तुला देवळापर्यंत घेऊन आला, म्हणजे तो खरंच चालत होता. माझं मत विचारशील तर तो माणूस होता. त्या दिवसांत भात पोटरीत असतं, रानडुकरं शेतात शिरतात, आणि माणसं रात्र रात्र राखण करतात. चिखलाने भरलेले पाय मला शेतातल्या माणसाचे वाटतात. तो बोलला का नाही? अपरात्री सड्यावर एकटी मुलगी दिसली तर त्या बिचाऱ्यालाही वाटलं असेल की ही कोण आहे, हिच्याशी बोलावं की नाही. वाट दाखवावी, अंतर ठेवावं, देऊळ आलं की आपल्या शेताकडे वळावं. पण हा माझा तर्क आहे, आणि तर्क माझा आहे म्हणून तू तो घेऊ नकोस. शिमग्याला गावी जाशील तेव्हा वाडीत विचार, त्या रात्री राखणीला कोण होतं. सापडला तर त्याच्या पाया पड. नाही सापडला तर वहीत तेवढी ओळ कोरी राहू दे. एक गोष्ट उलगडली नाही तर माणूस लहान होत नाही.

आजी म्हणते, "राखणदारान तुका घराक हाडून सोडल्यान." तिला तसं म्हणू दे. राखणदाराला रोट आणि विडी ठेवायला तुला सोबत ने म्हणाली तर जा. जीव वाचला त्याचे आभार ती तिच्या पद्धतीने मानते आहे, त्यात कुणाची फसवणूक नाही. वाद घालून तिचं तोंड बंद करशील तर सड्याबद्दल तिला जे जे माहीत आहे, कुठली खाण खोल, कुठला वहाळ रात्री चढतो, तेही ती सांगायची थांबेल.

मामी मात्र वेगळं सांगते आहे. बाधा झाली, उतरवून घ्यायला हवी, तिच्या ओळखीचा कुणी बाबा आहे. तिथे तू जायचं नाहीस. इथे मी मोकळीक ठेवत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना साखळीने बांधलेलं आहे, मारलेलं आहे, मिरचीची धुरी दिलेली आहे, आणि यांत बायकामुली किती असतात ते तुला सांगायला नको. म्हणूनच महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि या गोष्टी गुन्हा ठरल्या. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मामीला हे सगळं शांतपणे सांग. ती तुझ्यावरच्या मायेपोटीच बोलते आहे.

झोप लागत नाही म्हणालीस, लोकलमधून उतरल्यावर घराकडच्या गल्लीतही मागे वळून बघावंसं वाटतं म्हणालीस. एवढा मोठा धक्का बसल्यावर काही आठवडे असं होऊ शकतं. हटलं नाही तर केईएमच्या मानसोपचार विभागात जाऊ, मी येते बरोबर. मध्यरात्री बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

तुझा मावसभाऊ त्यावर रील करू म्हणतो आहे, त्याला थांबव. एकदा पार्श्वसंगीत लावून ते सांगितलंस की तुलाही तेच खरं वाटायला लागेल आणि ते दोन पाय कायमचे जातील.

लिहून झालं की वही घेऊन माझ्याकडे ये. त्यात एक गोष्ट आठवून नक्की लिही, कारण फोनवर तिचा उल्लेख आला नाही. देवळाच्या अलीकडे जे पहिलं घर लागतं, तिथे कुत्री आहेत, गेल्या मे महिन्यात आपण आलो तेव्हा माझ्या अंगावर धावून आली होती. तो दिवा त्या घरावरून पुढे गेला तेव्हा ती भुंकली का? आणि थोड्या वेळाने तू गेलीस तेव्हा?

तुझी,
बाई
परळ, मुंबई