पाटी नंतर, आधी विहीर बघ

पर्यटकांसाठी आठ खोल्या काढतोयस, छान. पण दारावर 'इको', म्हणजे पर्यावरण जपणारं, असं रंगवायच्या आधी एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी किती उरतं ते बघ. आपल्या कोकणात पाऊस धो धो आणि उन्हाळ्यात ठणठणाट, कारण इथला जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. आणि पर्यटक नेमके मेमध्येच येतात!

त्याच जांभ्यातून सांडपाणीही झिरपतं. म्हणून सेप्टिक टँक विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घे. मी पहिल्या वर्षी गवंड्याच्या भरवशावर राहिलो, नंतर सगळं उकरावं लागलं. खर्च विचारू नकोस. न्हाणीघराचं पाणी मात्र वेगळ्या पाइपाने माडांच्या आळ्यात सोड. साबण बेताचा असला की माड खूश.

चादरी रोज बदलू नकोस. पाहुण्याला आल्या आल्या तोंडी सांग, चिठ्ठी कोणी वाचत नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी फिल्टर आणि तांब्याचा जग ठेव. स्ट्रॉ, प्लॅस्टिकचे चमचे तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदच आहेत.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नकोस. त्यातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून तापून बिघडलं की तयार होणारे घटक, 25 टक्क्यांवर गेली की ते वापरायला कायद्यानेच मनाई आहे. गटारात ओतू नकोस, डब्यात साठवून बायोडिझेलवाल्याला दे.

सोलर घेतलास तरी बंब मोडीत काढू नकोस. श्रावणात पाहुणा गरम पाणी मागतोच.